आग येतेय, छत्री घ्या

बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात उठणाऱ्या वादळांसाठी भारताने तेरा नावं देऊन ठेवली आहेत आणि त्यांतलं चौथं नाव आहे ‘आग’. थट्टा नाही. गती, तेज, मुरासू आणि मग आग. यादी क्रमाने वापरतात, त्यामुळे हा प्रसंग टळणारा नाही. एक दिवस निवेदिका गंभीर चेहऱ्याने सांगणार, “आग उद्या दुपारी किनाऱ्याला धडकणार असून सर्वत्र अतिवृष्टीचा इशारा देण्यात आला आहे.” खाली पट्टी धावेल, ‘आग आणखी तीव्र, शाळांना सुट्टी’. त्या दिवशी अग्निशमन दलाला ‘आग आली’ असा फोन गेला, तर त्यांनी बंब न्यायचा की करवत, हे आत्ताच ठरवून ठेवलेलं बरं.

नावं ठेवण्याची हौस मराठी माणसाला जन्मजात. वादळांना नावं ठेवण्याचा उद्योग मात्र आपल्या भागात अलीकडचा. 2004 पर्यंत आपल्याकडची वादळं बिननावाची येत आणि बिननावाची जात. 1999 साली ताशी 260 किलोमीटरने ओडिशावर आदळून सुमारे दहा हजार माणसं घेऊन गेलेल्या वादळालाही नाव नव्हतं. तिथले लोक त्याला नुसतं ‘महाबात्या’ म्हणतात आणि ऐकणारा पुढे काही विचारत नाही. नंतर आठ देश एकत्र बसले, प्रत्येकाने आठ नावं दिली, ती चौसष्ट नावं पुरवून पुरवून सोळा वर्षं वापरली. मे 2020 मध्ये थायलंडच्या ‘अम्फान’ने यादी संपली. तोवर इराण, कतार, सौदी अरेबिया, अमिराती आणि येमेन हेही पंगतीला येऊन बसले होते. तेरा देश, प्रत्येकी तेरा नावं. 169 वादळांची बेगमी झाली. ही वही दिल्लीच्या हवामान खात्याकडे असते.

नावाला अटी आहेत. रोमन लिपीत आठ अक्षरांच्या आत बसलं पाहिजे. उच्चाराला सोपं हवं. राजकारण, धर्म, संस्कृती, लिंग यांच्याशी देणंघेणं नको. कोणाच्या भावना दुखावता कामा नयेत. उद्धट किंवा क्रूर नको. एकदा वापरलं की पुन्हा नाही. इतका निरुपद्रवी उमेदवार साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदालाही मिळत नाही. आणि एवढ्या चाळण्यांतून बांगलादेशाने काय पाठवलं, तर ‘बिपरजॉय’, म्हणजे सरळसरळ आपत्ती. क्रूर नको म्हणाला होतात, खरं नको असं कुठे म्हणाला होतात?

जुन्या यादीत प्रत्येक देशाचा स्वभाव उघडा पडला आहे. पाकिस्तानची नावं वाचा: फानूस, नर्गिस, लैला, नीलम, नीलोफर, वरदा, तितली, बुलबुल. हे वादळांचे इशारे नाहीत, मुशायऱ्याचं निमंत्रण आहे. (यातल्या नर्गिसने 2008 मध्ये म्यानमारमध्ये लाखाहून जास्त माणसं मारली, तेव्हा नावावर जाऊ नये.) भारताची नावं: अग्नी, आकाश, बिजली, जल, लहर, मेघ, सागर, वायू. पंचमहाभूतांपैकी चार आपण समुद्रात सोडली. पृथ्वी तेवढी राहिली, पण ती क्षेपणास्त्राला आधीच दिलेली होती. अर्थात अग्नी आणि आकाशही दिलेली होती. सरकारदरबारी शब्दांची टंचाई असते, हे यावरून दिसतं. मालदीवने ‘गोनू’ दिलं, म्हणजे माडाच्या झावळ्यांची पिशवी. ती 2007 मध्ये ओमानवर जाऊन आपटली. म्यानमारने ‘तौक्ते’ दिलं, म्हणजे मोठा आवाज करणारी एक पाल. मे 2021 मध्ये आंबा झाडावर असताना कोकणातल्या बागायतदारांच्या मनात जी पाल चुकचुकली, ती सरकारमान्य होती.

नव्या यादीत आपण नुकतंच बाळ झालेल्या जोडप्याला विचारून नावं घेतली असावीत. व्योम, नीर, अंबुद, तेज. पुण्यातल्या कुठल्याही बालवाडीत हजेरी घ्या, निम्मा हिंदी महासागर ‘प्रेझेंट’ म्हणेल. 2025 च्या नोव्हेंबरात श्रीलंकेला झोडपणाऱ्या ‘दित्वा’नंतर यादीत पुढचं नाव बांगलादेशाचं आहे, अर्णब. आपल्याकडे तो अर्णव होतो आणि एकेका सोसायटीत तीन-तीन असतात. वेधशाळेने ‘अर्णब रौद्र रूप धारण करणार’ असं म्हटलं, तर कित्येक आया म्हणतील, सुट्टीत रोजच धरतो. त्याच फेरीत पुढे कतारची ‘लुलू’ आहे. लुलूमुळे मुंबईची लोकल बंद पडली, हे वाक्य साहेबाला फोनवर सांगायची वेळ कोणावर न येवो.

यादी लिंगनिरपेक्ष आहे खरी, पण मराठी क्रियापदाला ते मानवत नाही. बुलबुल धडकला, धडकली की धडकलं? वर्तमानपत्रांनी मागे ‘चक्रीवादळ’ जोडून आपली सुटका करून घेतली. अमेरिकेत हा प्रश्नच नव्हता. तिथे 1953 पासून सगळी वादळं बायकांच्या नावाची. हवामान खात्यात कोण बसत होते, ते यावरून कळावं. फ्लोरिडातल्या रॉक्सी बोल्टन यांनी या खात्याचा पिच्छा पुरवला. नावंच द्यायची तर सिनेटरांची द्या, कशाला तरी आपलं नाव दिलेलं त्यांना फार आवडतं, असंही त्यांनी सुचवलं. सिनेटर वाचले, पण 1979 पासून अटलांटिकच्या यादीत पुरुष आले.

बोल्टनबाईंची सूचना ऑस्ट्रेलियात त्याआधीच अमलात येऊन गेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्वीन्सलंडमध्ये क्लेमेंट रॅग नावाचे सरकारी हवामानतज्ज्ञ होते. ते आपल्याला न आवडणाऱ्या राजकारण्यांची नावं वादळांना देत. मग अमुक महाशय पॅसिफिकमध्ये दिशाहीन भटकत आहेत, असं रोजच्या अंदाजात खुशाल लिहिता येई, आणि तेही सरकारी खर्चाने. आपल्याकडे हे सुरू झालं तर वेधशाळेला भाषा बदलावी लागणार नाही. अरबी समुद्रात काहीतरी शिजतं, दोन दिवस मुंबईसमोर घुटमळतं, सगळ्यांच्या नजरा लागतात, आणि रात्रीतून दिशा बदलून सकाळी गुजरातेत दिसतं. 2019 च्या नोव्हेंबरात तर कमाल झाली. राज्यात सरकार कोणाचं, याचा घोळ चालू असताना अरबी समुद्रात ‘महा’ नावाचं वादळ फिरत होतं, आणि दोन्ही ठिकाणी किनारा कोणाला लागणार हे कोणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. नाव ओमानने कितीतरी वर्षं आधी दिलेलं, नाहीतर चौकशी समिती बसली असती.

भावना दुखावू नयेत म्हणून इतकी काळजी घेऊनही त्या दुखावल्याच. 2013 मध्ये श्रीलंकेनेच दिलेलं ‘महासेन’ हे नाव वापरायला काढलं, तर श्रीलंकेतच गदारोळ. महासेन हा तिथला जुना राजा. त्याने तलाव बांधले, समृद्धी आणली, त्याचं नाव विध्वंसाला कसं देता? नाव मागे घेतलं आणि वादळ ‘वियारू’ झालं. मालमत्ता, वारस, पत्ता काही नसताना इतक्या झटपट नाव बदलून मिळालेला तो एकमेव अर्जदार असावा. राजपत्रात जाहिरात द्यावी लागली नाही.

‘गुलाब’ची गोष्ट याहून घरगुती. सप्टेंबर 2021 मध्ये पाकिस्तानने नाव दिलेलं हे वादळ आंध्रच्या किनाऱ्यावर उतरलं, जमिनीवरून थकत थकत मराठवाड्यात आलं, तिथल्या सोयाबीनमध्ये गुडघाभर पाणी करून गुजरातमार्गे अरबी समुद्रात पडलं आणि पाण्याचा स्पर्श होताच पुन्हा उभं राहिलं. नियमाप्रमाणे आता ते नवं वादळ. यादीत पुढचं नाव कतारचं होतं, शाहीन. माहेरची गुलाब, सासरची शाहीन, आणि सासर ओमानला. दिल्या घरी मात्र ती सुखी राहिली नाही आणि तिने घरालाही राहू दिलं नाही. फिलिपिन्समध्ये तर दोन्ही नावं एकाच वेळी चालतात. जगाने ज्याला 2013 मध्ये ‘हैयान’ म्हटलं, त्याला तिथले लोक ‘योलांडा’ म्हणतात. पॅसिफिकमध्ये आडनावही बदलतं. आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या अलीकडे टायफून, पलीकडे हरिकेन. 1994 मध्ये ‘जॉन’ नावाच्या वादळाने ही रेषा दोनदा ओलांडली, त्यामुळे ते हरिकेनचं टायफून आणि टायफूनचं पुन्हा हरिकेन झालं. वारा तोच, पाणी तेच, दप्तर वेगळं.

नावाबद्दल निदान तेरा देशांचं एकमत होतं. वेगाबद्दल तीन कार्यालयांचंही होत नाही.

वारा काही एका सुरात वाहत नाही. झोत येतो, दम खातो, पुन्हा येतो. म्हणून जमिनीपासून दहा मीटर उंचीवरचा वारा काही वेळ मोजून त्याची सरासरी काढतात. किती वेळ, इथे भांडण आहे. जागतिक हवामान संघटना म्हणते दहा मिनिटं. अमेरिका म्हणते एक मिनिट. भारत म्हणतो तीन. जितका वेळ कमी, तितके मधले दम खाणे गळतात आणि आकडा फुगतो. म्हणून हवाईत बसलेले अमेरिकी नौदलाचे हवामानवाले आपल्याच वादळाचा वेग सांगतात, तो दिल्लीच्या आकड्यापेक्षा बहुधा चढा असतो. वृत्तवाहिन्या यांतला कुठला उचलतात, हे सांगायला हवामानशास्त्र लागत नाही.

त्यातही गंमत अशी की भर समुद्रातला वारा बहुतेकदा कोणी मोजलेलाच नसतो. अटलांटिकमध्ये अमेरिका वादळात विमानं घालते. आपल्याकडे उपग्रहाचं छायाचित्र बघतात. ढगांचे पट्टे किती वळलेत, डोळा किती स्वच्छ उघडलाय, हे पाहून एक ते आठच्या पट्टीवर गुण देतात आणि गुणावरून वेग ठरवतात. व्हर्नन ड्वोरॅक या अमेरिकी तज्ज्ञाने 1970 च्या दशकात ही पद्धत बसवली. ती चांगली चालते, हेही सांगितलं पाहिजे. पण आपण ताशी 165 की 170 यावर चहा गार करत असतो, तेव्हा ते मुळात चेहरा बघून सांगितलेलं वय असतं.

मग वेगावरून हुद्दे. ताशी 62 किलोमीटरला चक्रीवादळ, 89 ला तीव्र, 118 ला अतितीव्र, 166 च्या आसपास अत्यंत तीव्र आणि 220 च्या पुढे महाचक्रीवादळ. 117 ला उडालेला पत्रा तीव्र आणि 118 ला उडालेला अतितीव्र. पत्र्याला यातलं काही कळवलेलं नसतं.

आणि खरंच मोजलं तरी उपयोग होईल असं नाही. 10 एप्रिल 1996 रोजी ऑस्ट्रेलियाजवळच्या बॅरो बेटावरच्या यंत्राने ‘ऑलिव्हिया’ वादळात ताशी 408 किलोमीटरचा झोत नोंदवला. असा झोत जगात कुठे नोंदलेला नव्हता. तो विक्रम म्हणून मान्य व्हायला 2010 उजाडलं. एवढी वर्षं सरकारी फायली आपल्याकडेच पडून राहतात, असा जो माझा गोड समज होता, तो त्या बेटाने उडवून लावला. याउलट मुंबईच्या खात्यावर एक वादळ आहे, जून 1882 चं. एक लाख माणसं मेली, असं जगभरच्या याद्यांत छापलेलं आहे. अभ्यासकांनी त्या काळची कागदपत्रं धुंडाळली तर असं काही झाल्याचा मागमूस नाही. लाख माणसं मेल्याचं मुंबईच्या वर्तमानपत्रांना कळलं नाही, असं मानायला मुंबईची वर्तमानपत्रं माहीत नसावी लागतात.

श्रीवर्धनकडे आमचे मामा असतात. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ त्यांच्या डोक्यावरूनच गेलं. (नव्या यादीतलं पहिलं नाव, बांगलादेशाचं. टाळेबंदी चालू होती, त्यामुळे सकाळी एका गाडीवरून घरात राहा आणि दुपारी दुसरीवरून घर सोडा, अशा घोषणा झाल्या.) फोन लागायला लागले तेव्हा मी विचारलं, “मामा, वाऱ्याचा वेग साधारण किती होता?”

“मी काय त्याच्यामागून सायकल काढली होती?” मामा म्हणाले. मग जरा थांबून सांगायला लागले. “आधी एक पत्रा आला. आपला नव्हे, वरच्या आळीतला. मग आपला गेला. मग कौलं सुटली. मग फणसाची फांदी. मग सुपाऱ्या बसल्या खाली, ओळीने, एकीला विचारून दुसरी. माड तेवढा टिकला होता. माड गेला तेव्हा म्हटलं, आता देवघरात बसायचं.”

वेधशाळेचा आकडा होता ताशी शंभराच्या वर. तो मामांना सांगितला तर ते म्हणाले, “असेल. त्यांच्याकडे सुपारी नाही, त्यांना आकडाच लागणार.”

ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस ब्यूफर्टने 1805 मध्ये वाऱ्याची जी पट्टी केली, ती नेमकी मामांच्या जातीची आहे. शून्य ते बारा असे अंक, पण ताशी किती मैल वगैरे काही नाही. जहाजावर किती शिडं ठेवता येतात, एवढंच माप. बारा म्हणजे कुठलंच शीड तग धरणार नाही. पुढे जमिनीवरची लक्षणं जोडली गेली. चारला धूळ आणि कागदाचे कपटे उडतात. सहाला छत्री धरणं कठीण होतं. आठला डहाळ्या मोडतात. नऊला धुराडी आणि छपराच्या पाट्या निखळतात. दहाला झाडं मुळासकट. धुराड्याच्या जागी पत्रा आणि विलायती झाडाच्या जागी सुपारी घातली की मामांची पट्टी तयार. फक्त मामांच्या पट्टीवर पत्रा कोणाचा, याची वेगळी नोंद असते, आणि ती ब्यूफर्टला सुचली नाही.

बंदरांवर याहून सुटसुटीत सोय आहे, बावटा. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ ही बातमी कोकणात दर पावसाळ्यात येते आणि होड्या वर ओढल्या जातात. बावटा म्हणतात, पण दिवसा डोलकाठीवर चढवतात ते शंकू आणि पिंपाच्या आकाराचे सांगाडे, रात्री तांबडे-पांढरे दिवे. एक आणि दोन म्हणजे वादळ लांब समुद्रात आहे. तीन आणि चार म्हणजे बंदराला झळ लागेल. पाच ते सात धोका, आठ ते दहा मोठा धोका. आणि अकरा? अकरा नंबरचा अर्थ, इशारा देणाऱ्या कचेरीशी आमचा संपर्क तुटला आहे आणि लक्षणं काही ठीक दिसत नाहीत. सरकारी कारभारात इतकं प्रामाणिक काही माझ्या वाचनात नाही. हा बावटा इतर खात्यांनाही द्यावा, अशी माझी जुनी मागणी आहे.

इशारा ऐकायची सक्ती मात्र कुठल्याच नंबरात नाही. ‘सायक्लोन’ हा शब्द ज्यांनी 1848 च्या पुस्तकातून रूढ केला, त्या कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टन यांनी 1853 मध्ये गव्हर्नर जनरलला पत्र लिहिलं की मातला नदीवर नवं बंदर बांधू नका, एक दिवस वादळाबरोबर समुद्र आत येईल. शब्द घेतला, पत्र ठेवून दिलं, बंदर बांधलं. 1867 च्या वादळाने ते धुऊन नेलं. पिडिंग्टन त्याआधीच वारले होते, त्यामुळे ‘मी म्हटलं नव्हतं?’ हे सुखही त्यांना मिळालं नाही.

आपल्या घाटावरच्या शेतकऱ्यांनी वादळापेक्षा पावसावर जास्त जीव लावला आणि त्याला आठ अक्षरांची अट घातली नाही. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. मघांचा सासूंचा पाऊस आणि पूर्वांचा सुनांचा. त्यावर पंचांगवाले प्रत्येक नक्षत्राला वाहन देतात. यंदा बेडूक, म्हैस की हत्ती, हे पाहून लोक हसतात आणि कोल्हा किंवा मेंढा निघाला तर हसायचे थांबतात. सासू-सुनांच्या पावसाला लिंगभावाच्या अटीवरून तेरा देशांनी तिथल्या तिथे नापास केलं असतं. पण कुठला पाऊस आधी येऊन किती वेळ बोलत बसतो, हे त्या नावातून कळतं, आणि ‘मेंढा’ ऐकल्यावर पेरणी कधी करायची याचा विचार तरी सुरू होतो. ‘लुलू’ ऐकून काय करायचं?

वादळ गेल्यावर मामांकडे पंचनाम्याला तलाठी आले. वेग कोणी विचारला नाही. तीन मिनिटांची सरासरी की एका मिनिटाची, हेही नाही. आडवी किती, उभी किती, माड किती, सुपारी किती. म्हणजे शेवटी सरकारही मामांच्याच मापावर आलं. मग भरपाई हेक्टरी की झाडामागे यावर बरीच चर्चा झाली, कारण कोकणातली वाडी गुंठ्यांत असते आणि सुपारी दाटीने उभी असते. शेवटी फॉर्म भरायची वेळ आली. आपत्तीचा प्रकार या रकान्यात मामांनी लिहिलं, ‘नैसर्गिक’. आपत्तीचं नाव या रकान्यात लिहिलं, ‘निसर्ग’. टेबलापलीकडच्या माणसाने चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाला, “काका, एकच गोष्ट दोनदा लिहिलीत. एक खोडा.”

“कुठली खोडू?” मामांनी विचारलं. “नाव बांगलादेशाचं आहे. प्रकार आपला.”